मोरीच्या दिव्याचं दोरीचं बटन : कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

सकाळी मावशीचा फोन आला, निम्मा वेळ पावसाचं आणि भाजीच्या भावाचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अगं काल रात्री मोरीतला दिवा लावताना हाताला झिणझिण्या आल्या बघ, पार कोपरापर्यंत." हात ओला होता का विचारलं तर म्हणे मोरीत हात ओलाच असणार ना बाळा. पायाखाली आंघोळीचा लाकडी पाट होता एवढंच नशीब.

ऐरोलीहून ट्रेन धरून ठाण्याला उतरले आणि पूर्वेला कोपरीत पोचले तर साडेअकरा. आधी मेन बंद केला, तरी होल्डरला टेस्टर लावून बघितला, मगच स्टुलावर चढून होल्डर खाली काढला आणि पेपर पसरून त्यावर उघडला. जुना पितळी होल्डर, बटन त्याच्या पोटातच. मण्यांची साखळी ओढली की आतली लोखंडी पट्टी खाली येते आणि ती कॉन्टॅक्टला ढकलते. ही पट्टी आणि कॉन्टॅक्ट दोन्ही एकाच पिनवर बसवलेले, मध्ये आडकाठी म्हणून फक्त एक फायबरचा वॉशर, पोस्टकार्डाच्या जाडीचा. तो वॉशर मोरीच्या वाफेनं फुगून मऊ पडला होता आणि एका बाजूनं चिरला होता. नखानं दाबला तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबला. म्हणजे फेज कॉन्टॅक्टवर, कॉन्टॅक्ट पिनला, पिन पट्टीला, पट्टी साखळीला आणि साखळीला बांधलेली सुती दोरी मावशीच्या ओल्या हातात. दोरी तरी केवढी, तुटत तुटत वीतभर राहिलेली.

आणि अशा होल्डरमध्ये फेज कायम वर येऊन थांबलेली असते, दिवा बंद असला तरी. भिंतीवरच्या बटनाचा दिवा बंद केला तर होल्डरपर्यंत काही येत नाही (वायरिंग सरळ असेल तर), इथे मात्र बटनच होल्डरमध्ये म्हणून चोवीस तास २३० व्होल्ट तिच्या डोक्यावर.

होल्डर परत लावला नाही. वायरींची तोंडं वेगवेगळी टेप करून वर बांधली, मोरीत चार्जिंगचा दिवा टांगला. मावशी नाराज. "दोरीच बरी गं, अंधारात हात वर केला की सापडते." तिचं खरं आहे. एक खोली, कोपऱ्यात मोरी, भिंतीवरचा बोर्ड दाराजवळ कपाटाच्या मागे गेलेला, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा उठते. त्या एका दोरीला तिनं गाठ मारून दुसरी फाटी काढलीय, ती वाशाच्या कडीतून ओवून खाटेपर्यंत आणलीय. झोपल्या जागी ओढली की दिवा. इतकी सोयीची गोष्ट काढून घ्यायची नाही, नीट करून परत द्यायची. मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे साचे डिझाइन करते, हे एक घरचं करते. गणपतीच्या आत.

१७ जून, सोमवार

वायरमनदादा येऊन ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पुरवठा तोडणारं बटन) बसवून गेले, टेस्टचं बटन दाबून दाखवलं, खटकन पडली. ओल्या माणसाच्या अंगाचा विरोध साधारण हजार ओहम धरतात, २३० भागिले हजार म्हणजे २३० मिलिअँप, तेवढा करंट जीव घ्यायला पुरून उरतो. आरसीसीबी ३० च्या आत तोडते म्हणून ती हवीच, या घरात आणि खरं तर प्रत्येक घरात. पण ती आहे म्हणून दोरीचं काम ढिलं करायचं नाही. दोरीपायी आरसीसीबी पडली याचा अर्थ कुणाला तरी आधी करंट लागला.

दादांचं म्हणणं, बटन बाहेर भिंतीवर घ्या आणि विषय संपवा. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

२२ जून, शनिवार

सीएसएमटीला उतरून लोहार चाळीत गेले, तीन तऱ्हेची दोरीची बटनं घेतली आणि घरी येऊन तिन्ही फोडली. तशी ही कल्पना जुनीच आहे, अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या हार्वे हबेलनं ओढसाखळीच्या होल्डरचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. आणि इंग्लंडमध्ये आजही बाथरूमला छताचं दोरीचं बटन असतं, कारण ओला हात आणि बटन यांच्यात वावभर दोरी आली की हात लांब राहतो. म्हणजे दोरी मुळात सुरक्षेसाठीच आहे, मावशीच्या होल्डरनं त्याचं उलटं केलं होतं.

फोडलेल्यांपैकी एकाचं आतलं काम चांगलं, प्लास्टिकचा दांडा, दोरी प्लास्टिकलाच बांधलेली. पण ते सरळ खाली ओढायचं आहे, तिरकं ओढलं की दांडा अडकतो आणि मावशी खाटेवरून तिरकंच ओढणार. दुसऱ्यात दोरी अडकवायला लोखंडी आकडा आणि तो आकडा कॉन्टॅक्टपासून जेमतेम ४ एमएम. तिसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ठरवलं असं. बटन वाशाला स्क्रूनं पक्कं बसेल, त्याच्याच खाली होल्डर, दोन्ही एका अंगाचं. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तुटणार. आपल्याकडच्या पिनवाल्या होल्डरला दोन पिना सारख्याच, उलट जोडलं तरी दिवा लागतो, त्यामुळे जुन्या चाळीत कुठली वायर फेज हे कुणालाच माहीत नसतं. बटन चुकून न्यूट्रलमध्ये गेलं तर दिवा विझतो पण होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत, बल्बमधून फिरून आलेली फेज दुसऱ्या पिनवर. बल्ब बदलताना माणूस फसतो तो इथेच. दोन्ही वायरी तोडल्या की उलटसुलट जोडणीनं काही बिघडत नाही. एक कॉन्टॅक्ट जास्तीचा लागेल, लागू दे.

२९ जून, शनिवार

आज फक्त दोऱ्या. टूलरूममधला हातानं फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (वीज कुठून गळते का बघायला विरोध मोजायचं यंत्र) सांगून घरी आणलाय. चार दोऱ्या घेतल्या, सुती, नायलॉनची विणलेली हिरवी, पॉलिस्टरची विणलेली पांढरी आणि मासे पकडायची एकतारी. प्रत्येकीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा दोन चिमट्यांत ताणून धरला.

कोरड्या असताना चारही सारख्या, काटा अनंतावर, म्हणजे वीज जातच नाही. मग आंघोळीच्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या आणि दोन मिनिटं लटकवून ठेवल्या. सुती दोरीला काटा शून्याला चिकटला म्हणून मल्टिमीटर लावला, ४० किलोओहम. म्हणजे मावशीच्या वीतभर दोरीचे ८० धर, २३० ला ८० हजारांनी भाग, पावणेतीन-तीन मिलिअँप. झिणझिण्यांचा हिशोब लागला. पाटापेक्षा त्या वीतभर दोरीनंच तिला वाचवलं होतं. हात वर सरकून साखळीला लागला असता तर मध्ये काहीच नव्हतं. हे कागदावर लिहून झाल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले.

नायलॉन २०० किलोओहमच्या आसपास. पॉलिस्टरकडून माझ्या फार अपेक्षा होत्या कारण पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण तीही ३०० वर आली. धागा पाणी पीत नाही हे बरोबर, पण विणलेल्या धाग्यांच्या मधल्या फटींत पाणी चढून बसतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, आणि ते पाणी साबणाचं, खाऱ्या हाताचं. एकतारी मात्र झटकली की अनंतावर. पण ती हाताला कापते आणि अंधारात सापडत नाही, त्यामुळे ती बाद.

म्हणजे दोरीचा कपडा बदलून प्रश्न सुटत नाही एवढं कळलं. पॉलिस्टरची घेईन, पण तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

७ जुलै, रविवार

पहिलं मॉडेल झालं. थ्रीडी प्रिंटवर, पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये. आठ दात्यांचं चाक, एका ओढीला खटका एक दाता पुढे ढकलतो म्हणजे ४५ अंश, आणि त्याच दांड्यावर चार उंचवट्यांचा कॅम. उंचवटा आला की कॉन्टॅक्ट जुळतात, खळगा आला की सुटतात, असं ओढीला एकदा चालू एकदा बंद. मापं कागदावर छान होती. कॉन्टॅक्ट सुटल्यावरची फट ३ एमएमच्या वर ठेवलीय, त्याच्या खाली जायचं नाही.

आरसीसीबीच्या पुढे, सिरीज बोर्डवर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून पाहिलं. झटकन ओढलं तर चांगलं चालतं, सावकाश ओढलं तर मधोमध एका जागी तड-तड-तड आवाज आणि आत निळं दिसतं. कॉन्टॅक्ट धड जुळलेले नाहीत धड सुटलेले नाहीत आणि ठिणगी तिथंच नाचतेय. आपला पुरवठा ५० सायकलचा, सेकंदाला शंभर वेळा करंट शून्यावर येतो म्हणून ठिणगी तरी विझते, डीसी असता तर ती इतक्या सहज विझली नसती. आणि मावशी सावकाशच ओढणार, तिच्या खांद्याला झटका मारता येत नाही.

दुसरी गोष्ट, वीस मिनिटांत होल्डरच्या वरचा भाग बल्बच्या उष्णतेनं मऊ होऊन कलला. पीएलए ६० डिग्रीलाच ढिलं पडतं. हे माहीत होतं, मॉडेल आकारापुरतंच होतं, तरी डोळ्यासमोर वाकताना बघून वाईट वाटलं.

१४ जुलै, रविवार

सावकाश ओढीवरचा उपाय फार जुना आहे, न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सनं १८८४ मध्ये काढलेला, कॉन्टॅक्ट हाताच्या वेगानं हलवायचेच नाहीत, हातानं फक्त स्प्रिंगमध्ये ताकद भरायची आणि उडी स्प्रिंगनं मारायची. मग हात कितीही हळू असो.

माझ्या कामात ते असं बसवलं. दात्यांचं चाक दांड्यावर सैल, दोघांना जोडणारी पिळाची स्प्रिंग. दांड्यावर आठ खाचांची चांदणी आणि खाचेत दाबून बसलेली एक पट्टी. दोरी ओढली की चाक फिरतं, स्प्रिंग पिळली जाते, दांडा खाचेत धरलेला म्हणून जागचा हलत नाही. पस्तीस-चाळीस अंशांवर पिळाची ताकद पट्टीपेक्षा जास्त होते आणि दांडा ठकदिशी पुढच्या खाचेत. चाक उलटं फिरू नये म्हणून दुसरा एक खटका.

पहिल्यांदा दांडा एका उडीत दोन खाचा ओलांडायला लागला, दिवा लागून लगेच जायचा. दोन तास मी स्प्रिंग बदलत बसले. शेवटी शुक्रवारचं आठवलं, टूलरूममधल्या काकांना स्केच दाखवलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, ढकलणारा तगडा असला तर धरणारापण तगडा पाहिजे." म्हणून स्प्रिंग तीच ठेवली आणि खाचेतली पट्टी ०.३ ची ०.४ एमएम केली. झालं. पट्टीची जाडी थोडी वाढली तरी ताकद दुपटीच्या वर जाते, जाडीच्या घनाच्या हिशोबानं. आता कितीही हळू ओढा, आवाज एकच आणि ठिणगी डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

सुट्टी. मॉडेल वायर न जोडता मावशीकडे वाशाला लावलं, नुसतं ओढून बघायला. खिचडी खाऊन होईपर्यंत तिनं पंधरावीस वेळा ओढलं. तिला तो ठक आवाज आवडला. "लागलं का नाही ते कानाला कळतं." ताणकाट्यानं ओढ मोजली, सव्वा किलो. तिला जड नाही म्हणाली. तिरकं ओढलं की मात्र दोरी तोंडाच्या कडेला घासते, तिथे काहीतरी गुळगुळीत पाहिजे.

२१ जुलै, रविवार

आज जे पाहिलं त्यानं सगळं डिझाइन फिरलं.

मावशीकडे गेले तर खाटेकडच्या फाटीला पॉलिस्टरची दोरीच नाही. त्या जागी कपडे वाळत घालायची तार, हिरव्या प्लास्टिकची, आत लोखंड. दोन्ही टोकं सोलून वळवून गाठी मारलेल्या, वरचं टोक तर थेट दांड्याच्या भोकात. "अगं दोरी तोकडी पडत होती, खाटेवरून हात पुरेना, ही घरात होती." बटनाला वीज जोडलेली नव्हती म्हणून मी शांतपणे बघू शकले.

तिची यात काही चूक नाही. दोरी तुटते, तोकडी पडते, मळते आणि घरात जे असेल ते माणूस बांधतो, नाडी, लेस, तार, गजऱ्याची दोरी. मी पंधरा दिवस दोरीच्या धाग्याचा विचार करत होते पण दोरी माझ्या हातात नाहीच, ज्या दिवशी मी स्टुलावरून खाली उतरेन त्या दिवसापासून ती मावशीची. तेव्हा असं धरून चालायचं की दोरीच्या जागी उघडी तांब्याची तार आहे आणि तिचं दुसरं टोक ओल्या हातात आहे. तरी काही होता कामा नये.

त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. बटनाच्या पोटात मधोमध भिंत, वरच्या कप्प्यात कॉन्टॅक्ट आणि वायरी, खालच्या कप्प्यात खटके, स्प्रिंग आणि दोरीचा दांडा. भिंतीतून फक्त फिरणारा दांडा जाणार, तो प्लास्टिकचा, आणि भिंतीच्या भोकाशी त्याला कॉलर, म्हणजे स्प्रिंग तुटून तिचा तुकडा उडाला तरी वर जायला वाटच नाही. सगळं लोखंड खाली, सगळी वीज वर. जुन्या होल्डरमध्ये दोन्ही एकाच पिनवर नांदत होते, तेच मुळात चुकलेलं.

आणि दोरी दांड्याला थेट बांधताच येणार नाही. मध्ये एक दुवा, तो माझा, आणि दोरी बांधायचं भोक त्या दुव्याच्या खालच्या टोकाला. दुसरं भोकच नसेल तर दुसरीकडे बांधणार कसं.

२८ जुलै, रविवार

दुव्याचं काम. आधी साधी ६० एमएमची गोल कांडी केली होती. मोरीत गरम पाण्याची बादली ठेवून वाफ धरली तर कांडीवर वरपासून खालपर्यंत दवाची सलग ओली रेघ, आणि मेगरचा काटा दोन मेगोहमवर उतरला. नवी कोरी असताना दोन, मग वर्षभर तेलाची आणि साबणाची पुटं चढल्यावर किती राहणार.

विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरना एकाखाली एक चकत्या असतात, पाऊस पडला तरी प्रत्येक चकतीच्या खालची बाजू कोरडी राहते. तसंच केलं, कांडीला तीन छत्र्या, खालून पोकळ, कडा धारदार म्हणजे थेंब कडेवरूनच गळेल आणि आत वळणार नाही. पृष्ठभागावरून चालत गेलं तर अंतर ६० चं ११० एमएम झालं. परत वाफ धरली, छत्र्यांच्या वर थेंब थेंब साचलेले आणि खालची बाजू बोटाला कोरडी. काटा अनंताच्या जवळ.

मग पूर्ण जोडणी करून, दोरीच्या जागी उघडी तांब्याची तार, वरच्या कप्प्यातले चारही टर्मिनल एकत्र बांधलेले, आणि तार ते टर्मिनल मेगर. शंभर मेगोहमच्या वर. बटनाच्या बाहेरून अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून परत, तेच. वरून पाण्याचा फवारा मारून परत, ८०. आज पहिल्यांदा वाटलं की हे तिच्या डोक्यावर टांगायची माझी हिंमत होईल.

दुव्याला वरच्या टोकाशी मुद्दाम एक बारीक मान ठेवलीय. भाचा आला की तो दोरीला लोंबकळतोच, तेव्हा साडेसहा-सात किलोला मान तुटून दुवा दोरीसकट खाली येईल, बटन वर शाबूत. दुवे चार करून ठेवायचे. मान तुटते ती खालच्या कप्प्यात, जिथे वीज नाहीच.

३ ऑगस्ट, शनिवार

सामान. अंगासाठी बेकेलाइट सगळ्यात उत्तम, लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये काढलेलं हे अजून होल्डरच्या दुनियेतून हललेलं नाही कारण एकदा तापवून दाबून घट्ट झालं की परत तापवलं तरी वितळत नाही. पण त्याला साचा लागतो आणि एका नगासाठी साचा परवडत नाही. म्हणून वरचा कप्पा आणि मधली भिंत हायलमच्या पट्टीतून मिलिंगवर काढली. त्यातही ते बेकेलाइटच, कागदाचे थर दाबलेले. कापलेल्या कडा पाणी ओढतात तेव्हा सगळ्या कडांना इन्सुलेटिंग वॉर्निशचे तीन हात.

दात्यांचं चाक, दांडा, खटके आणि दुवा डेलरिनच्या, म्हणजे एका कडक प्लास्टिकच्या, रॉडमधून. नायलॉन घेणार होते, काकांनी थांबवलं, नायलॉन दमट हवेत फुगतं आणि पावसाळ्यात चाक जाम होतं. डेलरिन फुगत नाही पण पेटलं तर जळत राहतं, म्हणून ते ठिणगीजवळ नको. त्याचं चाक आणि खटके खालच्या कप्प्यात, वर जातो तो फक्त दांडा, आणि त्यावरचा कॅम हायलमचा.

दोरीच्या तोंडाला हवी होती ती गुळगुळीत कडी भिवंडीहून आली. यंत्रमागावर सूत ओवायच्या चिनीमातीच्या कड्या असतात, दिवसरात्र सूत घासूनही त्यांना चरा पडत नाही. ऑफिसातल्या एकीच्या घरी माग आहेत, तिनं मूठभर आणून दिल्या. घंटेसारखं तोंड करून त्यात कडी बसवली, आता खाटेच्या दिशेनं कितीही तिरकं ओढलं तरी दोरी रेशमासारखी सरकते. आणि चिनीमाती म्हणजे वीजही अडवणारी.

१५ ऑगस्ट, गुरुवार

कॉन्टॅक्ट फॉस्फर ब्रॉन्झच्या पट्टीवर, टोकाला चांदीच्या मिश्रधातूच्या टिकल्या, जुन्या रिलेमधून काढून रिव्हेट केलेल्या. आधी पितळाला पितळ ठेवून बघितलं होतं, दोन दिवसांत काळे खड्डे. मला वाटायचं एलईडी बल्ब नऊ वॅटचा, त्याचा करंट तो काय, कॉन्टॅक्टला काहीच त्रास नाही. पण बल्बच्या आत कपॅसिटर असतो आणि दिवा लागतो त्या क्षणी तो भुकेल्यासारखा करंट ओढतो, हजारांश सेकंदापुरता पण कितीतरी पट. जुन्या पिवळ्या बल्बचंही तसंच, थंड तारेचा विरोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. म्हणून टिकल्या चांदीच्याच.

ओढायचं मशीन केलं, गिअरची मोटर आणि एक आरा, मिनिटाला दहा ओढी. मावशी दिवसाला बारा वेळा ओढते धरलं तर ४०,००० ओढी म्हणजे नऊ वर्षं. आज संध्याकाळपासून चालू आहे, शेजारच्यांना सांगून ठेवलंय आवाजाचं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मध्यरात्रीनंतर आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून उठले. ठक नाही, नुसती खरखर. मोजणीवर ३,८१२. पिळाची स्प्रिंग आकड्याच्या वळणाशी तुटलेली. वळण मी पक्कडीनं काटकोनात मोडलं होतं आणि तार तिथंच थकली. तुटलेला तुकडा खालच्या कप्प्यात एका कोपऱ्यात पडलेला. भिंतीच्या वर काही नाही, मेगर पूर्वीसारखा. म्हणजे जे व्हायला नको ते झालं आणि जे व्हायला हवं तेही झालं.

नवी स्प्रिंग, वळण ३ एमएमच्या पिनभोवती गोल. मोजणी शून्यापासून.

२४ ऑगस्ट, शनिवार

४०,००० मंगळवारीच झाल्या, उघडून बघायला आज वेळ मिळाला. टिकल्या करड्या पण सपाट, दाते झिजलेले नाहीत, कडीला चरा नाही. खालच्या खटक्याच्या टोकाला किंचित चमक आलीय. तारेनं आणि ओल्या फॉइलनं परत मेगर, शंभरच्या वर.

काका म्हणाले, "ताई, पाच-सहा करून विकू या, घेतील लोक." त्यांना स्पष्ट सांगितलं, विकायचं नाही. घरगुती बटनांना आयएस ३८५४ हे भारतीय मानक आहे, आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि तापलेल्या तारेची टेस्ट, उच्च दाबाची टेस्ट हे सगळं लॅबमध्ये व्हायला लागतं, माझ्या ओट्यावर नाही. ज्या घरात उद्या जाऊन मी स्वतः उघडून बघू शकते तेवढ्याच घरात हे लागेल.

३१ ऑगस्ट, शनिवार

बसवलं. वायरमनदादांना बोलावून त्यांच्याच हातानं जोडलं. त्यांनी आधी बटन खोलायला लावलं, मधली भिंत बघितली, दुवा हातात घेऊन फिरवून बघितला, छत्र्यांवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मावशी, आता ओढा बिनधास्त." दोरी यावेळी मोजून नाही आणली, दहा मीटरची गुंडाळीच ठेवून आले, तोकडी पडायला नको. दोन दुवे कपाटाच्या खणात.

रात्री साडेदहाला तिचा फोन. "झोपूनच ओढलं गं. लागला."

८ सप्टेंबर, रविवार

कालपासून तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आज विसर्जन, घरात माणसं आणि मोरीत सारखं पाणी. आठ दिवस झाले म्हणून तपासायला मेगर पिशवीतच घेऊन गेले होते, सगळे गेल्यावर काढला.

मोरीकडच्या दोरीला तिनं लाल लोकरीचा गोंडा बांधलाय, जुन्या स्वेटरचा, मुठीएवढा, अंधारात हाताला लागावा म्हणून. दिवसभर सगळ्यांनी ओल्या हातानं ओढून तो चिंब झालेला, पिळला तर अर्धी वाटी पाणी निघालं असतं. दोन महिन्यांपूर्वी हे बघून माझ्या पोटात गोळा आला असता. मेन बंद केला, एक चिमटा त्या ओल्या गोंड्यात खुपसला, दुसरा वर टर्मिनलना, आणि हँडल फिरवलं. मावशी खाली पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. काटा शंभराच्या पलीकडे जाऊन थांबला.

"काढू का मग गोंडा?" तिनं विचारलं. राहू दे म्हटलं.